उपासाच्या बाईंचा डबा

माझ्या हाताखालची सुनीता डबा घेऊन गेली तशीच परत आली. डबा हातात तसाच.

"मावशी, पाठक आजी दारातच बसल्यात. डबा घ्यायला हात पुढं केला आन् खालीच बसल्या. सर घरात न्हाईत."

मी गॅस बारीक केला, कणीक झाकली आणि चपला घातल्या. दुपारची पोरं जेवायला यायची वेळ होती. मेस चालवणारी बाई अशा वेळी ओटा सोडत नाही. मी सोडला.

संगमनेरात कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझी मेस आहे. मेस म्हणजे खानावळच, पण खानावळ म्हटलं की आताच्या पोरांना कळत नाही. जी पोरं महिन्याचं ठरवून इथे येऊन जेवतात त्यांना मेंबर म्हणायचं. बाकीच्यांना घरी डबा जातो. डबा दोन तऱ्हेचा. फुल डब्यात चार पोळ्या, सुकी भाजी, रस्सा, वरण आणि भात. हाफ डब्यात दोन पोळ्या आणि एक भाजी, भात नाही. हाफ डबा एका माणसाचा असतो, तोही कमी खाणाऱ्याचा.

माझं माहेर जामखेडकडचं. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन इकडे आले. मालक दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. ते गेल्यावर मेस टाकली, ती अजून चालू आहे. मला स्वयंपाकाशिवाय काही येत नाही, म्हणून सांगणार आहे तेही स्वयंपाकातलंच.

पाठक सर आमच्या गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. नवरा-बायको दोघंच. मूलबाळ नाही. एक पुतण्या पुण्याला. सरांनी जन्मभर गणित शिकवलं, पण विनाअनुदानित शाळेत. म्हणजे सरकार पगार देत नाही, संस्था देईल तो घ्यायचा, आणि वय झालं की घरी बसायचं. पेन्शन नाही. पुढे काही वर्षं शिकवण्या घेतल्या. मग गावात मोठमोठे क्लास आले, एसीचे, आणि सरांकडे कोणी येईना.

सरांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. त्या न्हाणीत घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण हात वाकडाच राहिला. पोळपाट धरवेना, कढई उचलवेना. म्हणून डबा लावला. सुरुवातीला फुल. काही महिन्यांनी सर स्वतः आले आणि म्हणाले, "मंदाबाई, हाफ करून टाका. आमच्याकडे उपास फार असतात. अन्न वाया जातं."

मी हाफ केला. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर चतुर्थी, एकादशी, प्रदोष. पूजाअर्चेचं घर, असेल, असं मला वाटलं. गल्लीतल्या बायकांना मी वहिनींचं उदाहरण द्यायचे, की बघा, या वयात एवढं पाळतात.

वहिनी बाजारात भेटल्या की मी विचारायचे, कसं चाललंय. त्या म्हणायच्या, "भागतंय हो." भागतंय म्हटल्यावर आपल्याकडे कोणी पुढे विचारत नाही. ज्याचं खरंच भागतं तोही तेच म्हणतो आणि ज्याचं भागत नाही तोही तेच.

मी पोचले तेव्हा वहिनी चौकटीला टेकून बसल्या होत्या. तोंड राखेसारखं. सुनीताने आणि मी त्यांना धरून आत आडवं केलं. मी साखरपाणी करायला स्वयंपाकघरात गेले. साखर डब्याच्या तळाला चिकटलेली होती, ती खरवडून घेतली. मग उपासाचं काही आहे का म्हणून बाकीचे डबे उघडले.

उपासाचं घर मला ओळखू येतं. तिथे साबुदाणा असतो, भगर असते, शेंगदाण्याचा कूट असतो, निदान दोन रताळी नाहीतर केळी असतात. उपास स्वस्त असतो असं ज्याला वाटतं त्याने एकादशीला मेस चालवून बघावी. जेवणापेक्षा उपास महाग. त्या घरात यातलं काही नव्हतं. एका डब्यात फडक्यात गुंडाळलेली एक पोळी होती. माझीच, आदल्या संध्याकाळची. वाळून कडक झालेली.

मी साखरपाणी पाजलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"आज कुनाचा उपास हाय, वहिनी?"

वार बुधवार होता. त्यांनी जरा विचार केला.

"बुधाचा."

"बुधाचा उपास धरनारी बाई मी अजून पाह्यली न्हाई."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "ह्यांना काही बोलू नका. ह्यांना वाटतं, मी खरंच धरते. ह्यांची औषधं चुकवून चालत नाहीत, मंदाबाई. मग दुसरं काय चुकवायचं?"

मी त्यांच्यासमोर डबा उघडला. त्यांनी एक पोळी खाल्ली, अर्धी भाजी खाल्ली आणि झाकण लावलं. बाकीचं सरांचं म्हणाल्या. मी जास्त बोलले नाही. मेसवर पोरं ताटं वाजवत असणार, म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हाफ डब्यात चार पोळ्या घातल्या आणि वरणाची वाटी बसवली. माझ्या मेसमध्ये रोज एवढं उरतं. मला वाटलं, संपला प्रश्न.

संध्याकाळी सर आले. हातात त्यांच्या घरचा स्टीलचा डबा.

"हाफ डब्यात पोळ्या किती असतात, मंदाबाई?"

"दोन."

"आमच्यात चार आल्या. दुसऱ्या कुणाच्या असतील म्हणून परत आणल्या."

"हाताला आल्या, घातल्या. ऱ्हाऊ द्या की सर."

"राहू दिलं की सवय लागते. तुम्हालाही आणि आम्हालाही," असं म्हणून ते हसले. डबा ओट्यावर ठेवला आणि गेले.

मग मी दुसरा उपाय काढला. आमच्या माहेरी अमावस्येला गावच्या भटजींना शिधा द्यायचे. शिधा म्हणजे कोरडं धान्य. कणीक, डाळ, तांदूळ, गूळ, तूप. तो दिल्याने देणाऱ्याला पुण्य लागतं, घेणाऱ्याला कमीपणा नसतो. मी ताट भरलं, वरून फडकं टाकलं आणि सुनीताकडे दिलं.

ते ताट सर स्वतः घेऊन आले. या वेळी हसत नव्हते.

"माझे आजोबा शिधा घ्यायचे," ते म्हणाले. "वडिलांनी ते बंद केलं. स्वतः अर्धपोटी राहिले आणि मला शिकवलं. आता मी परत सुरू करू?"

मी ताट घेतलं. ते उतरताना पायरीवर थांबले आणि म्हणाले, तुमचा हेतू वाईट नव्हता, मला माहीत आहे. मी म्हटलं, हेतूला काय करायचंय, डाळ तर परत आली. ते तसेच गेले.

तेव्हा मला कळलं की नुसतं अन्न पाठवून काही होणार नाही. ते घेण्याजोगं कारण पाठवायला पाहिजे.

कारण मला सापडलं ते सवाष्णीचं. सवाष्ण म्हणजे जिचा नवरा आहे अशी बाई. देवीच्या नावाने तिला जेवायला बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं, पाटावर बसवायचं, ओटी भरायची. यात उपकार जेवणारीचे असतात, वाढणारीचे नाहीत. सवाष्णीने बोलावणं मोडू नये म्हणतात. आणि देवीच्या ताटापुढे उपास सुटला तर दोष नाही.

हळदीकुंकवाचा करंडा सुनीताच्या हातात देऊन मी तिच्यासोबत पाठकांकडे गेले. सर पेपर वाचत होते. मी सांगितलं की गुडघ्यासाठी देवीला नवस बोलले होते, गुडघे बरे झाले, आता शुक्रवारी सवाष्ण जेवू घालायची आहे. माझ्या वयाच्या बाईने गुडघ्याचं नाव घेतलं की कोणी शंका घेत नाही.

वहिनींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नवस म्हणजे जायला हवं."

शुक्रवारी दुपारची पोरं जेवून गेल्यावर सुनीताने फरशी पुसली, पाट मांडला, रांगोळी काढली. कुंकू तिनेच लावलं. मी लावून चालत नाही, मला नवरा नाही. पुरणपोळी केली होती. कटाची आमटी, भजी, कुरडई, भात. वहिनींनी पहिले घास अगदी सावकाश घेतले. नंतर सावकाश राहिलं नाही. मी तोंड फिरवून ओटा पुसत बसले. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, हे मेसमधलं पहिलं शिक्षण आहे.

जेवण झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी प्रसाद..."

तो मी आधीच बांधून ठेवला होता. प्रसाद परत करता येत नाही. सरांनीही केला नाही.

पुढच्या मंगळवारी मी दुसरा नवस काढला. मग परत शुक्रवारचा. श्रावणात तर कारण शोधावंही लागलं नाही. नवरात्र आलं, मार्गशीर्षातले गुरुवार आले. सुनीता एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "मावशी, तुमी देवीकडं काय काय मागून ठिवलंय? तिनं वही घातली आसंल तुमच्या नावाची."

"तू गप घास."

वहिनींच्या तोंडावर जरा तुकतुकी आली. जिना चढताना त्या मधे थांबेनाशा झाल्या. बाकीचे दिवस घरात काय खात होत्या मला माहीत नाही. पण आठवड्यातून दोनदा पोटभर जेवत होत्या आणि त्या दिवशी सरांच्या ताटातही गोड असायचं. यापेक्षा जास्त मला जमण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीनंतर सर गेले. सकाळी चहाला उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं.

पुण्याहून पुतण्या आला. वाईट माणूस नव्हता. सगळं व्यवस्थित केलं, दहावा, तेरावा, कुठे कमी पडू दिलं नाही. काकूंना चला म्हणाला. त्या म्हणाल्या, आत्ता नको, इथेच बरी आहे. तो गेला. नोकरी होती.

त्यानंतर मी डबा घेऊन गेले. फुल डबा. वहिनींनी दार उघडलं. कपाळ मोकळं होतं.

"मंदाबाई, आता मी सवाष्ण नाही. तुमच्या नवसाला चालत नाही."

"नवस नव्हताच."

"ते मला पहिल्या शुक्रवारीच कळलं होतं."

"कळलं हुतं तर येत कशाला हुता?"

"ह्यांना गोड मिळायचं," त्या म्हणाल्या.

मी डबा खाली ठेवला. म्हटलं, मग आता तुमच्यासाठी या. त्या म्हणाल्या, स्वतःसाठी कुणाच्या दारात जेवायला जायची मला सवय नाही, आणि आता या वयात लावून घ्यायची नाही. रागाने बोलल्या नाहीत. डबा उचलून माझ्या हातात दिला.

मी जिन्यातच उभी राहिले. माझ्याकडे आता देव नव्हता, नवस नव्हता, काही नव्हतं. मग जे खरं होतं ते बोलले.

"वहिनी, आमच्यासारख्यांचं हातावर पोट आसतं. हात थांबला की तोंड थांबलं. तुमचा एक हात चांगला हाय. उद्यापासून भाजी निवडायला या. काम करनारी बाई आमच्यात जेवते, त्यात कुनाचे उपकार न्हाईत."

त्यांनी विचारलं, "मेथी एका हाताने निवडता येते?"

मी म्हटलं, हळू येते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. चष्मा, पाण्याची बाटली आणि मांडीवर घ्यायला एक जुनं धोतर, सरांचं. मेथी निवडली, तांदूळ निवडले, लसूण सोलला. हात हळू चालायचा, पण निवडलेल्या तांदळात खडा कधी निघाला नाही. पोरांनी ताटात भात टाकला की शाळेतल्या बाईसारख्या बोलायच्या. पोरं त्यांना भ्यायची आणि तरी त्यांच्याजवळच बसायची. मेंबर गेले की आम्ही तिघी जेवायला बसायचो. सोमवारीही, गुरुवारीही. उपासाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. एक दिवस त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. सुनीताने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनी दटावलं, वाढ म्हणून.

आत अंधार असतो, चष्म्यातून नीट दिसत नाही, म्हणून त्या दारापुढच्या ओट्यावर बसायच्या. ओटा रस्त्यावर आहे. येणाजाणाऱ्यांना दिसायच्या.

त्यांच्या ओळखीतल्या कोणीतरी फोटो काढला. नऊवारी नाही, साधी पाचवारी, मांडीवर धोतर, पुढे मेथीचा ढीग. तो फोटो पुण्याला गेला. खाली काय लिहिलं होतं मला माहीत नाही. पुतण्या रविवारी गाडी घेऊन आला.

आधी माझ्याशी नीट बोलला. मग म्हणाला, "काकूंवर खानावळीत काम करायची वेळ आली, हे मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"तुमी इचारलं हुतं का?"

"दर रविवारी फोन करायचो. भागतंय म्हणायची."

तो खोटं बोलत नव्हता. मलाही त्या तेच म्हणायच्या. मी त्याला सांगितलं की त्या इथे पोटभर जेवतात, त्यांना इथेच राहू द्या. तो म्हणाला, मावशी, तुमचे आभार आहेत, पण लोक मला नावं ठेवतात. माझ्या घरात कशाची कमी नाही. मग काकूंनी हे का करायचं?

वहिनी ओट्यावरून उठल्या. हात धुतले. निवडलेली मेथी सुनीताकडे दिली, धोतर झटकून त्याची घडी केली. मला वाटलं, नाही म्हणतील. म्हणाल्या नाहीत. ज्या बाईने जन्मभर नवऱ्याचं नाव सांभाळलं ती पुतण्याचं नाव घालवणार नव्हती. नंतर पुतण्याने दोन खोल्या रिकाम्या करून किल्ली घरमालकाला दिली. सामान फार नव्हतं, गाडीच्या डिकीत मावलं.

काही दिवसांनी मी सुनीताला फोन लावायला सांगितला. वहिनींनी उचलला. आवाज बरा होता. मी विचारलं, कसं आहे. म्हणाल्या, घर मोठं आहे, दहाव्या मजल्यावर, लिफ्ट आहे. दोघं सकाळी ऑफिसला जातात, संध्याकाळी येतात. माणसं चांगली आहेत.

"दुपारी जेवनाचं कसं?"

"फ्रिज भरलेला असतो हो. पाहिजे ते घ्या म्हणतात."

"मग आज काय घेतलं?"

मागे टीव्ही चालू होता.

"आज गुरुवार," त्या म्हणाल्या.

मी पुतण्याला फोन करून सांगितलं की काकूंना फ्रिज दाखवून ठेवू नका, त्यांना कोणीतरी ताट वाढून द्या, आणि दुपारी काहीतरी काम सांगा, निवडायचं, टिपायचं, काहीही. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, मावशी, या वयात आम्ही त्यांना काम कसं सांगणार? त्याला ते बरं दिसत नव्हतं. कामाला एक बाई लावली होती, ती सकाळी पोळ्या करून जायची.

आषाढात त्याचाच फोन आला. काकू गेल्या. दवाखान्यात नेलं होतं, अशक्तपणा खूप होता. डॉक्टरांनी विचारलं, यांचं खाणं काय होतं, तर घरात कोणालाच सांगता येईना. फोनवर तो रडला. मी त्याला बोल लावला नाही. त्याच्या घरात अन्न होतं. काकू उपाशी होत्या तेव्हा दार बंद होतं, त्यामुळे कोणाला दिसलं नाही. जेवून खाऊन भाजी निवडत बसल्या, ते मात्र पुण्यापर्यंत दिसलं.

त्या दिवशी मेस बंद ठेवली नाही. पोरांना परीक्षा होती.

आता कोणी म्हातारं माणूस माझ्याकडे हाफ डबा मागायला आलं, की मी उपास विचारत नाही, वार विचारत नाही, मुलं कुठे असतात तेही विचारत नाही. सरळ सांगते की सकाळी भाजी निवडायला माणूस कमी पडतं, येत असाल तर जेवण इथेच. बसायला आतल्या खोलीत मोठा दिवा लावून घेतला आहे. काही जण येतात. काहींना राग येतो आणि ते दुसरीकडे डबा लावतात. त्याला माझा इलाज नाही.